अर्धशिशी की कवटीतला वाढलेला दाब? वेदना सारखीच, उत्तर मात्र डोळ्यांच्या तपासणीत

नागपूर : समजा, मे महिन्यातली दुपार आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आहे. धंतोलीतल्या एका दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोन तरुणी शेजारी शेजारी बसल्या आहेत. दोघींनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आहे, दोघींनी डोळे मिटले आहेत. दोघींचे डोके दुखते आहे, दोघींना मळमळते आहे आणि दोघींनाही उजेड सहन होत नाही. ‘ऊन लागले असेल’, ‘पित्त झाले असेल’, ‘मोबाइल कमी बघ’ हे सल्ले दोघींनी घरी ऐकले आहेत. दोघींच्या पर्समध्ये वेदनाशामक गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी आहे.

पहिलीचा त्रास कॉलेजपासूनचा. महिन्यातून दोन-तीनदा डोक्याची एक बाजू ठणकते, उलटी होते, अंधाऱ्या खोलीत झोपली की दुसऱ्या दिवशी ती ठणठणीत असते. दुसरीची डोकेदुखी चार महिन्यांपूर्वी सुरू झाली आणि थांबलेलीच नाही. वर्षभरात तिचे वजन दहा किलोंनी वाढले आहे. पहाटे जाग येते तीच डोकेदुखीने. वाकून बादली उचलली की कळ वाढते. रात्री उशीवर डोके टेकले की कानात नाडीच्या ठोक्यासारखा ‘धप धप’ आवाज येतो आणि पटकन उभे राहिले की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे अंधार येतो. शेवटच्या दोन गोष्टी तिने कुणालाच सांगितलेल्या नाहीत. अशक्तपणा असेल, असे तिला वाटते.

पहिलीला मायग्रेन, म्हणजे आपल्याकडची जुनी अर्धशिशी असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरीच्या बाबतीत कवटीच्या आतला दाब वाढला आहे का, हे लगेच तपासायला हवे. कारण पहिलीचा आजार तिचे कामाचे दिवस खातो. दुसरीचा आजार तिची दृष्टी कायमची नेऊ शकतो. बाकावर बसलेल्या या दोघींना केवळ वेदनेवरून वेगळे काढणे मात्र वाटते तितके सोपे नाही. मग फरक ओळखायचा कसा?

अर्धशिशी म्हणजे नेमके काय?

डोकेदुखी हा जगातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या त्रासांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे ४० टक्के लोकांना डोकेदुखीचा कुठला ना कुठला विकार असतो. कर्नाटकात १८ ते ६५ वयोगटातील लोकांची घरोघरी जाऊन पाहणी झाली होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेल्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे चार प्रौढांमागे एक. महाराष्ट्रातले चित्र याहून फार वेगळे असण्याचे कारण नाही.

मायग्रेन हा मेंदूच्या संवेदनशीलतेचा आजार आहे. चेहरा आणि डोक्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल ही चेतातंतूंची यंत्रणा चाळवते, तिच्या टोकांतून सीजीआरपीसारखी रसायने बाहेर पडतात आणि मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांभोवती वेदनेचे चक्र सुरू होते. मेंदूत गाठ नसते, सूज नसते, दाबही वाढलेला नसतो. म्हणूनच स्कॅन बहुधा ‘नॉर्मल’ येतो. याचा अर्थ वेदना खोटी असते असा नाही.

निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरलेले आहेत. उपचार न घेतल्यास झटका ४ ते ७२ तास टिकतो. वेदना एका बाजूला असणे, ठणकल्यासारखी असणे, मध्यम ते तीव्र असणे आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढणे, या चारपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. सोबत मळमळ किंवा उलटी हवी, नाही तर उजेड आणि आवाज दोन्हींचा त्रास हवा. असे किमान पाच झटके येऊन गेलेले असले पाहिजेत. जागरण, उपवास, पाणी कमी पडणे, पाळीचे दिवस, भर उन्हातला प्रवास, उग्र वास यांपैकी काहीही ठिणगीचे काम करू शकते. नवतपाच्या दिवसांत नागपुरात अर्धशिशी डोके वर काढते ती यामुळेच. ऊन हे निमित्त असते. आजार आधीपासून असतो.

अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा घरगुती उपाय अनेक घरांत सांगितला जातो. तो लागू पडल्यासारखा वाटतो, कारण झटका एक ते तीन दिवसांत आपोआपच ओसरणार असतो. पुढचा झटका जिलेबीने टळत नाही.

कवटीतला दाब म्हणजे बीपी नव्हे

‘डोक्यातला दाब’ म्हटले की अनेकांना रक्तदाब आठवतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तवाहिन्यांमधला दाब. कवटीच्या आतला दाब त्या यंत्रावर दिसत नाही. बीपी १२०-८० असतानाही कवटीतला दाब धोकादायक असू शकतो.

कवटी हा हाडाचा बंद डबा आहे. त्यात तीन गोष्टी असतात. मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती खेळणारे स्वच्छ पाण्यासारखे द्रव. ढोबळमानाने आठ भाग मेंदू, एक भाग रक्त आणि एक भाग द्रव. या द्रवाचे प्रमाण कोणत्याही क्षणी साधारण १५० मिलीलिटर असते, पण दिवसभरात सुमारे ५०० मिलीलिटर नवे द्रव तयार होते. म्हणजे ते दिवसातून तीन-चार वेळा बदलले जाते. जितके तयार होते तितकेच शोषले जाऊन शिरांमधल्या रक्तात मिसळते, म्हणून दाब स्थिर राहतो.

डबा ताणला जात नाही, त्यामुळे आतली एक गोष्ट वाढली तर दुसरीला जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेले हे तत्त्व आजही वैद्यकाच्या पहिल्या धड्यांत शिकवले जाते. सुरुवातीला थोडे द्रव पाठीच्या कण्याकडे सरकते, थोडे रक्त बाहेर जाते आणि दाब सावरला जातो. ही सोय संपली की मात्र थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. अनेक रुग्ण कित्येक आठवडे ‘बरे’ असतात आणि मग अचानक बिघडतात, ते यामुळे.

लक्षणांत फरक कुठे दिसतो?

बंद डब्याचे हे गणित लक्षात घेतले की पुढची लक्षणे पाठ करावी लागत नाहीत. आडवे झाले की डोक्याकडून रक्ताचा निचरा मंदावतो. खोकणे, शिंकणे, शौचाला कुंथणे, खाली वाकणे यांतही काही क्षण दाब वाढतो. आधीच दाब वाढलेला असेल तर हीच वेळ जास्त दुखण्याची ठरते.

डॉक्टर साधारणपणे पुढील गोष्टी विचारतात :

• वेळ : मायग्रेन झटक्यांनी येतो, मधले दिवस मोकळे असतात. दाबाची डोकेदुखी बहुधा रोजची असते आणि आठवड्यागणिक वाढत जाते. झोपेत किंवा पहाटे उठवणारी डोकेदुखी लक्ष देण्यासारखी.

• स्थिती : मायग्रेनमध्ये शांत पडून राहिले की आराम वाटतो. दाब वाढलेला असेल तर आडवे झाल्यावर त्रास वाढू शकतो आणि बसल्यावर थोडे हलके वाटते.

• नजर : मायग्रेनच्या काही रुग्णांना डोके दुखण्याआधी चमकत्या नागमोडी रेषा किंवा सरकत जाणारा ठिपका दिसतो. तो हळूहळू पसरतो आणि ५ ते ६० मिनिटे टिकतो. दाब वाढल्यावरची अंधारी वेगळी असते. वाकताना किंवा उठताना नजर काळी वा करडी होते आणि काही सेकंदांत परत येते. एकीत मिनिटे, दुसरीत सेकंद. हा फरक रुग्णाने स्वतः सांगितला तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

• दोन-दोन दिसणे : लांबची वस्तू शेजारी शेजारी दोन दिसणे. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी कपालीय चेता दाबाने कमजोर झाल्याची ती खूण असू शकते.

• कानातला आवाज : नाडीच्या तालावर येणारा ‘धप धप’ किंवा ‘सू सू’ आवाज. सततच्या शिट्टीसारखा नव्हे.

• उलटी : दोन्ही आजारांत होते. म्हणून केवळ उलटीवरून ‘पित्त’ किंवा ‘मायग्रेन’ ठरवणे धोक्याचे.

‘सकाळी डोके दुखते म्हणजे ट्यूमर’ असे समीकरणही कुणी मांडू नये. मायग्रेनही पहाटे येतो. घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या व्यक्तीचे डोकेही सकाळी जड असते. एकेकटे लक्षण काहीच सिद्ध करत नाही. त्यांची मिळून दिसणारी साखळी पाहावी लागते.

मग लक्षणांवर विसंबून का चालत नाही?

अडचण इथेच आहे. कवटीतला दाब वाढण्याचा एक प्रकार असा आहे की स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही, जंतुसंसर्ग सापडत नाही, तरी दाब मात्र वाढलेला असतो. त्याला इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन, थोडक्यात आयआयएच म्हणतात. प्रजननक्षम वयातल्या, वजन जास्त असलेल्या किंवा अलीकडे झपाट्याने वजन वाढलेल्या स्त्रियांत तो प्रामुख्याने आढळतो. मायग्रेनही नेमका याच वयातल्या स्त्रियांत सर्वाधिक दिसतो. त्यामुळे गल्लत होते.

अमेरिकेत आयआयएचच्या १६५ रुग्णांवर मोठी उपचार-चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागी रुग्णांत जवळपास सगळ्या स्त्रिया होत्या. त्यांपैकी ८४ टक्के रुग्णांना डोकेदुखी होती. ही डोकेदुखी कशी आहे याची नोंद केली तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५२ टक्के रुग्णांची डोकेदुखी मायग्रेनच्या वर्णनात चपखल बसत होती. डोके किती दुखते आणि दाब किती वाढला आहे यांचाही थेट संबंध आढळला नाही.

त्याच चाचणीतली आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. काही सेकंदांची अंधारी ६८ टक्क्यांना येत होती, कानातला नाडीसारखा आवाज ५२ टक्क्यांना ऐकू येत होता. पण आपली नजर कमी झाल्याचे स्वतःहून जाणवले होते ते केवळ ३२ टक्क्यांना. म्हणजे नजरेचे नुकसान सुरू झाले तरी अनेकांना ते कळत नाही.

उत्तर डोळ्याच्या पडद्यामागे

मेंदूभोवतीचे द्रव डोळ्याच्या मागच्या चेतेपर्यंत, म्हणजे ऑप्टिक नर्व्हच्या आवरणापर्यंत पोहोचलेले असते. कवटीत दाब वाढला की तो या आवरणातून पुढे सरकतो आणि चेता जिथे डोळ्यात शिरते तिथे सूज येते. दोन्ही डोळ्यांत दिसणाऱ्या या सुजेला पॅपिलीडेमा म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण लोकांसमोर आणले, तेव्हापासून डॉक्टर कवटी न उघडता तिच्या आतला अंदाज घेऊ शकतात. या तपासणीला फंडस तपासणी म्हणतात.

चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. पॅपिलीडेमात सुरुवातीला कडेची नजर जाते, समोरची शाबूत राहते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, ‘सिक्स बाय सिक्स’ असा शेरा मिळतो आणि सूज तशीच राहते. डोके दुखते म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तो ठीक निघाला आणि विषय संपला, असे म्हणूनच होऊ नये. नेत्रतज्ज्ञांना स्पष्टपणे सांगावे, ‘डोकेदुखी आहे, डोळ्याच्या मागच्या चेतेला सूज आहे का ते बघा.’

तपासणी दुखत नाही. डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करतात, वीस-तीस मिनिटे थांबावे लागते, मग डॉक्टर प्रकाश टाकून आत पाहतात. पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड झोंबतो. नागपूरच्या उन्हात त्या अवस्थेत गाडी चालवणे धोक्याचे. काळा गॉगल आणि गाडी चालवणारे कुणीतरी सोबत असावे. शासकीय रुग्णालयांच्या नेत्र विभागातही ही तपासणी होते. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स हे त्यासाठीचे पर्याय आहेत.

सूज आढळली तर वेळ दवडता येत नाही. आधी मेंदूचा एमआरआय आणि शिरांचे चित्र दाखवणारा एमआर व्हेनोग्राम केला जातो. गाठ किंवा अडथळा नाही याची खात्री झाल्यावर कमरेतून सुई घालून द्रवाचा दाब मोजतात. आडवे झोपलेल्या प्रौढ व्यक्तीत तो पाण्याच्या २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला तर वाढलेला मानतात. ‘पाठीतले पाणी काढले की माणूस अपंग होतो’ ही भीती आजही ऐकू येते. सुई ज्या पातळीवर टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. त्यामुळे ही भीती निराधार आहे.

दाब वाढतो कशाने?

आयआयएच हे एक कारण. मुरुमांसाठी दिली जाणारी डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिनसारखी औषधे, ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक आणि त्याच कुळातले आयसोट्रेटिनॉइन, तसेच दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद करणे यांमुळेही असाच दाब वाढू शकतो. त्यामुळे डोकेदुखीसाठी जाताना त्वचेच्या गोळ्यांची चिठ्ठीही सोबत न्यावी.

दुसरे आणि अधिक घाईचे कारण म्हणजे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होणे. निचरा तुंबला की दाब वाढतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, शरीरातले पाणी कमी होणे आणि संप्रेरकांच्या गोळ्या ही त्याची ओळखीची कारणे. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत अजून आहे. वैद्यकीयदृष्ट्या ती चुकीची आहे. महालक्ष्म्या, गणपती किंवा घरचे लग्न आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर औषध दुकानातून आणल्या जातात. त्यात कडक उपवास आणि कमी पाणी यांची भर पडते. या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गोळ्या सुरू असताना नवी, वाढत जाणारी डोकेदुखी लागली तर ती ‘दगदगीची’ समजू नये.

गोळ्यांबाबत मायग्रेनच्या रुग्णांसाठीही एक सूचना आहे. डोके दुखण्याआधी नागमोडी रेषा दिसत असतील, म्हणजे ‘ऑरा’ असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार वर्ज्य आहेत. पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून.

तिसरे कारण संसर्ग. क्षयरोगाच्या मेनिंजायटिसमध्ये दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, भूक मंदावणे, चिडचिड असे चालू राहते आणि द्रवाची वाट अडली की दाब वाढतो. हा आजार वेळेत ओळखणे किती अवघड आहे, याची जाण नागपूरला आहे. इथल्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील संशोधकांनी पाठीतल्या द्रवावरून त्याचे लवकर निदान कसे करता येईल, यावर अनेक वर्षे काम करून शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक नाव नागपूरशी जोडलेले आहे. १९६५ मध्ये नागपूर परिसरातल्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक विषाणू सापडला आणि त्याला त्याच जागेचे नाव मिळाले. वाळूमाशीमार्फत पसरणारा हा चांदीपुरा विषाणू मुलांच्या मेंदूवर आघात करतो. अचानक तीव्र ताप, उलट्या, झटके आणि काही तासांत शुद्ध हरपणे, असा त्याचा वेग असतो. अशा मुलासाठी डोकेदुखीचा प्रकार ओळखत बसायचे नसते, थेट रुग्णालय गाठायचे असते.

आणि ट्यूमर? डोकेदुखीच्या रुग्णांत त्याचे प्रमाण अत्यल्प आहे. ट्यूमर असला तरी नुसती डोकेदुखी क्वचित असते. हातापायातली कमजोरी, फिट, वागण्यातला बदल असे काही ना काही सोबत दिसते.

दाब कमी झाला तरी डोके दुखते

याच्या नेमका उलटा प्रकारही आहे. सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिल्यानंतर किंवा कमरेतून द्रव काढल्यानंतर काहींच्या सुईच्या छिद्रातून द्रव झिरपत राहते आणि दाब कमी होतो. ही डोकेदुखी उठून बसले की वाढते, आडवे झाले की थांबते. बहुतेकांत ती काही दिवसांत बरी होते. पण बाळंतिणीची डोकेदुखी आडवे होऊनही थांबत नसेल, नजर धूसर होत असेल, फिट आली किंवा बीपी वाढले, तर ‘भुलीचे इंजेक्शन बाधले’ म्हणून सोडून देऊ नये.

मग प्रत्येकाने एमआरआय करावा का?

नाही. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने येणारा मायग्रेन, मधले दिवस मोकळे आणि डॉक्टरांच्या तपासणीत सारे ठीक, असे असेल तर स्कॅनची गरज सहसा नसते. भीतीपोटी केलेल्या स्कॅनमध्ये एखादा निरुपद्रवी ठिपका सापडतो आणि त्यामागे पुढचे सहा महिने व काही हजार रुपये जातात. मात्र जुन्या मायग्रेनची पद्धत बदलली, तर जुने निदान तेवढ्यावरच सोडून देऊ नये. मायग्रेनच्या रुग्णालाही दुसरा आजार होऊ शकतो.

पुढीलपैकी काही असेल तर मात्र थांबू नये, रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी :

• काही सेकंदांत शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी डोकेदुखी
• ताप, मान आखडणे, गुंगी किंवा बरळणे
• फिट, एका बाजूची कमजोरी, बोलण्यात अडखळणे
• नजर अचानक कमी होणे किंवा दोन-दोन दिसणे
• डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या
• गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने लागलेली तीव्र डोकेदुखी

पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, तसेच कर्करोग किंवा एचआयव्हीच्या रुग्णाला लागलेली नवी डोकेदुखी यांचीही लवकर तपासणी करून घ्यावी.

गोळीच डोकेदुखी बनते तेव्हा

दोन्ही प्रकारच्या रुग्णांचा आणखी एक समान शत्रू आहे, तो म्हणजे पर्समधली ती पट्टी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस, तर मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान गटातली औषधे १० किंवा त्याहून अधिक दिवस घेतली आणि हे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडते. गोळी उतरली की डोके दुखते, दुखले की पुन्हा गोळी. मग मूळ आजार कोणता हे ओळखणे डॉक्टरांनाही अवघड होते.

म्हणून दवाखान्यात जाण्याआधी मोबाइलमध्येच महिनाभराची नोंद ठेवावी. कोणत्या दिवशी दुखले, किती वाजता सुरू झाले, किती तास टिकले, आडवे झाल्यावर काय झाले, नजरेत किंवा कानात काही जाणवले का, पाळीची तारीख, घेतलेल्या गोळ्या आणि वजन. ‘नेहमीच दुखते’ या वाक्यापेक्षा ही नोंद डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते. अंधारी येणे, दोन-दोन दिसणे, कानात ठोके ऐकू येणे यांपैकी काही असेल तर मात्र महिनाभर थांबू नये, त्याच आठवड्यात डोळे तपासून घ्यावेत.

उपचार दोन्हींवर आहेत, पण वेगळे

मायग्रेनवर दोन पातळ्यांवर उपचार होतात. झटका आल्यावर लवकर घ्यायचे औषध आणि झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्यासाठी रोज घ्यायचे औषध. प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनॅरिझिन, टोपिरामेट अशी औषधे डॉक्टर रुग्णाचे वय, दमा, गरोदरपणाची शक्यता पाहून निवडतात. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, उन्हाळ्यात भरपूर पाणी यांचाही वाटा मोठा आहे. जागतिक न्यूरॉलॉजी महासंघाने २२ जुलैचा जागतिक मेंदू दिन २०१९ मध्ये मायग्रेनलाच वाहिला होता. हा आजार अंगावर काढण्याचा नाही, एवढेच त्यातून सांगायचे होते.

आयआयएचमध्ये द्रवाची निर्मिती कमी करणारे अ‍ॅसेटाझोलामाइड दिले जाते. वर उल्लेख केलेल्या २०१४ च्या चाचणीत या औषधाला वजन कमी करणाऱ्या आहाराची जोड दिली, तेव्हा नजरेच्या कक्षेत केवळ आहार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. वजन कमी करणे हा इथे सौंदर्याचा सल्ला नसून औषधाचाच भाग आहे. नजर झपाट्याने जात असेल तर शस्त्रक्रियेने द्रवाला वाट करून द्यावी लागते. शिरेत गुठळी असेल तर रक्त पातळ करणारी औषधे, क्षय असेल तर क्षयाचे उपचार. कारण सापडले की वाट सापडते. आयआयएचला मायग्रेन समजून वर्षभर वेदनाशामक दिले, तर वेदना थोडी कमी होईलही; डोळ्याच्या चेतेवरची सूज मात्र तशीच राहील. वाळून गेलेली चेता पुन्हा जिवंत करणारे औषध आज उपलब्ध नाही.

आता पुन्हा धंतोलीतल्या त्या बाकाकडे. पहिली तरुणी झटक्यांची नोंद, तपासणी आणि योग्य औषध घेऊन घरी जाईल. तिच्या महिन्यातले हरवलेले दिवस बऱ्याच अंशी परत मिळू शकतात. दुसरीने डॉक्टरांना सेकंदभराची अंधारी आणि कानातले ठोके सांगितले, तर तिला आधी डोळ्यांत थेंब टाकून घेण्यासाठी पाठवले जाईल. अर्ध्या तासाची ती तपासणी आणि संध्याकाळपर्यंतची धूसर नजर, एवढीच किंमत आहे. तिने न सांगितल्यास दोघींच्या हाती एकच चिठ्ठी पडण्याची शक्यता आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे सुरू करणे किंवा बंद करणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.)